ओळख गलबतातून उतरत नाही

रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजाचा विषय निघाला, की चर्चा हमखास एका प्रश्नापाशी येऊन अडते: हे मूळचे कोण? एक पक्ष सांगतो, हे अस्सल यहुदी. दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागच्या उत्तरेला नवगावपाशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंश. दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे म्हणतो, हे इथलेच तेली. कोचीनच्या यहुद्यांनी आणि त्यांच्यानंतर मिशनऱ्यांनी त्यांच्या हाती हिब्रू पोथ्या दिल्या आणि एका जातीचं यहुद्यांत रूपांतर झालं. पहिल्या पक्षाला श्रद्धेचा आधार आहे, दुसरा स्वतःला चिकित्सक मानतो. दोघांचं एकमेकांशी पटत नसलं तरी दोघांच्या बोलण्याखाली गृहीतक एकच आहे. उगम खरा असेल तर ओळख खरी, उगम संशयास्पद असेल तर ओळख बनावट, असं दोघंही धरून चालतात. हे गृहीतकच चुकीचं आहे, आणि ते कसं चुकीचं आहे हे दाखवायला मांडव्यापासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्याइतका भक्कम पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. माझा प्रतिवाद म्हणूनच दोघांशी आहे. त्यातही चिकित्सेचं नाव घेणाऱ्यांशी अधिक, कारण समाजशास्त्राचा हवाला देऊन ते समाजशास्त्राला मान्य नसलेला निष्कर्ष काढतात.

आधी नवगावच्या कथेकडे पाहू. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. पूर्वज इसवीसनापूर्वी १७५ च्या सुमाराला गलीलातून निघाले असावेत, असा त्यांचा कयास होता. त्याला समकालीन लेखी आधार नाही. शिवाय याच कोकणात चित्पावनांच्या उत्पत्तीची सह्याद्रिखंडातली कथा प्रचलित आहे: समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदा प्रेतं आणि त्यांना चितेच्या अग्नीने शुद्ध करणारा परशुराम. इथे चौदा माणसं वाचली, तिथे चौदा मेलेली उठली. हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेलं नाही आणि कथेला इतिहास मानणाऱ्यांनी त्याचा गंभीरपणे विचार करायला हवा. पण साम्य दाखवून दिलं म्हणजे कथेचा निकाल लागला, असं समजणारे तिचं काम विसरतात. ही कथा तीन गोष्टी एकदम सांगते. आम्ही बाहेरून आलो, म्हणून शेजाऱ्यांहून वेगळे. आमचे मृत याच मातीत पुरले आहेत, म्हणून इथलेच. आणि आमचं सगळं समुद्रात गेलं, म्हणून आमच्याकडे पोथी नाही. मॅक्स वेबरच्या मरणोत्तर, १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे स्पष्ट मांडलेलं आहे, की समान वंशाविषयीचा विश्वास समूह घडवतो. प्रत्यक्ष रक्तसंबंध असो वा नसो, विश्वासाचं सामाजिक काम चालूच राहतं. म्हणून या कथेला पुढचा प्रश्न असा विचारायला हवा, की तिच्या आधाराने लोक काय करत होते, कोणत्या बाबतीत वेगळे वागत होते.

याचं उत्तर सुदैवाने इंग्रजी अमलाच्या आधीपासून मिळतं. १७३८ मध्ये सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने एका पत्रात पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा लोकांचा उल्लेख केला आहे, ज्यांना हिब्रू येत नाही, बायबल माहीत नाही, पण 'शेमा' ही एक प्रार्थना येते. १७६८ मध्ये कोचीनच्या यहेज्केल राहाबी यांनी अ‍ॅमस्टरडॅमला लिहिलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले, तेलाचे घाणे चालवणारे, सुंता करणारे आणि शनिवार पाळणारे लोक भेटतात. किनाऱ्यावर त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याच शेजारी सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली. धंदा एक, घाणा एक, गिऱ्हाईक एक, भाषा एक. फरक घाणा थांबण्याच्या वाराचा. वेगळेपण सांगण्याची ही रीतही इथलीच. शेजारी जाती ज्या पद्धतीने आपापलं वेगळेपण राखत होत्या, त्याच पद्धतीने यांनीही राखलं, म्हणूनच ते शेजाऱ्यांना कळलं आणि पिढ्यान्‌पिढ्या निभावलं.

बाकी संसार इथलाच होता. बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, लग्नात हळद आणि मेंदी, गोमांस वर्ज्य, विधवेचं लग्न होत नसे. आडनावं गावांवरून: केहिमकर, रोहेकर, पेणकर, नागावकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर. सणांची नावं नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफळणीचा सण. एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याच्या नावाने नवस फेडताना पोहे, खोबरं, गूळ आणि फळं यांचा मलिदा. 'हे सगळं इथलं, म्हणजे माणसंही इथलीच आणि यहुदीपण वरून चढवलेलं' असं जेव्हा चिकित्सक पक्ष म्हणतो, तेव्हा नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलेली चूक तो पुन्हा करतो. समूहाचं वेगळेपण त्याच्या चालीरीतींची यादी करून मोजता येत नाही, असं बार्थ यांनी मांडलं. यादी बदलते, शेजाऱ्यांच्या यादीशी मिसळते. टिकते ती हद्द: कोणाशी सोयरीक करायची, कोणाच्या ताटात जेवायचं, कोणता नियम आपला म्हणून पाळायचा. हद्दीच्या आतला ऐवज बदलत असतानाही हद्द उभी राहू शकते. शनिवार तेल्यांचा जवळपास सगळा ऐवज कोकणी होता आणि तरी हद्द शाबूत होती. हे विसंगत वाटतं ते फक्त ज्यांना ओळख म्हणजे वस्तूंचा साठा वाटतो त्यांना.

आणि ही हद्द राखली कुणी? समाजाच्या आठवणीत दाविद राहाबी नावाच्या पाहुण्याची गोष्ट आहे. आपण यहुदी असल्याचं या लोकांनी सांगितल्यावर त्याने परीक्षा म्हणून बायकांपुढे मिसळीचा म्हावरा ठेवला आणि शिजवायला सांगितलं. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले. मग त्याची खात्री पटली आणि त्याने तीन पुरुषांना प्रार्थना शिकवून काजी नेमलं. हा राहाबी नेमका कुठल्या शतकातला, यावर पुष्कळ वाद आहे. कुणी त्याला हजार वर्षं मागे नेतात, कुणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. मला त्या वादापेक्षा गोष्टीतला पुरावा महत्त्वाचा वाटतो. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, शिंगाळा, मोरी यांनी भरलेल्या किनाऱ्यावर रोजच्या रोज काही मासळी नाकारायची, आणि ती का नाकारायची हे सांगणारं पुस्तक घरात नाही. हे ज्ञान स्वयंपाकघरात होतं, सासूकडून सुनेकडे जात होतं. मान मात्र तीन काजींना मिळाला. समूहाचा इतिहास लिहिणारे पुस्तक कधी आलं, प्रार्थनामंदिर कधी उभं राहिलं हे मोजतात आणि त्याआधीच्या काळाला पोकळी समजतात. ती पोकळी नव्हती. तिथे बायकांचं रोजचं, नोंद न झालेलं काम होतं. 'पोथ्या येण्यापूर्वी हे यहुदी नव्हतेच' या विधानात त्या कामाची किंमत शून्य धरलेली आहे आणि मला ते विधान नुसतं चुकीचं नाही, अन्यायाचंही वाटतं.

आता चिकित्सक पक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा. एकोणिसाव्या शतकात या समाजात मोठा बदल झाला, हे खरंच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत असलेल्या सॅम्युएल यहेज्केल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथली प्रार्थनामंदिरं पुढच्या शतकातली. अलिबागच्या इस्राएल आळीतलं 'मागेन अबोथ' १८४८ चं. अमेरिकन मिशनच्या शाळांत या समाजाची मुलं शिकली, शिक्षकही झाली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. जगभरच्या यहुद्यांशी आपलं नातं आहे, आपण एका मोठ्या इतिहासाचे वारस आहोत, ही जाणीव या काळात रुजली आणि पसरली, यात शंका नाही. पण यावरून 'मिशनऱ्यांनी यहुदी घडवले' हा निष्कर्ष निघत नाही. मिशनऱ्यांना यहुदी घडवायचे नव्हते, ख्रिस्ती घडवायचे होते. त्यांच्या शाळांत शिकलेल्या या समाजातून ख्रिस्ती झालेले अगदी मोजके निघाले. शिकवणाऱ्याचा हेतू एक आणि शिकणाऱ्यांनी केलेला उपयोग दुसरा, तेव्हा घडवणारा कोण? ज्याच्याकडे आधीच एक हद्द आहे आणि तिला शब्द हवे आहेत, तोच समाज परक्याच्या व्याकरणातून आपल्याला हवं ते नेमकं उचलतो. त्याच मिशनच्या शाळांत इतर जातींचीही मुलं होती. हिब्रूचं मराठी व्याकरण त्यांनी आपलंसं केलं नाही.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती, जी बनावटीच्या सिद्धांतात बसतच नाही. १८७४ मध्ये पुण्याला वल्हांडणाची हग्गादा, म्हणजे त्या सणाला वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत, चित्रांसह छापली गेली. १८७५ मध्ये केहिमकर आणि त्यांच्या भावांनी मुंबईत समाजाची शाळा काढली. आणि १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनं सुरू झाली: अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, पण साज मराठी कीर्तनाचा, चाली इथल्या. म्हणजे ज्या पिढीत हा समाज अधिक यहुदी होत होता, त्याच पिढीत तो अधिक मराठीही होत होता. ओळख ठरावीक मापाची असती, एक चढवताना दुसरी उतरावी लागली असती, तर हे अशक्य होतं. एकोणिसाव्या शतकात बदललं ते हद्दीचं असणं नव्हे. त्या हद्दीच्या पलीकडे कोण उभं आहे हे बदललं. नागावात पलीकडे सोमवार तेली, आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान होते. मुंबईत पलीकडे मिशनरी आले, बगदादी यहुदी आले, आणि त्यांच्यासमोर स्वतःला सांगण्याची भाषा वेगळी लागली.

यावर आज हटकून येणारा आक्षेप जनुकांचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतल्या यहुद्यांशी जुळणारा आणि भारतीय लोकसंख्येशी जुळणारा असे दोन्ही अंश ठळकपणे आढळले; दोन्हींची सरमिसळ अंदाजे साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीची धरली गेली. श्रद्धाळू पक्षाला वाटलं, आपला विजय झाला. मला वाटतं, या निष्कर्षाने दोघांचाही पक्ष कमकुवत होतो. ज्यांना शुद्ध वंश हवा होता त्यांच्या हाती मिश्र वंश आला. ज्यांना केवळ स्थानिक उगम हवा होता त्यांना बाहेरून आलेले पूर्वजही मान्य करावे लागले. आणि मूळ प्रश्न तसाच राहिला: रक्तात मध्यपूर्वेचा अंश असलेली माणसं पश्चिम किनाऱ्यावर शेकडो वर्षं व्यापारामुळे येत होतीच, त्यांतल्या कित्येकांची वंशावळ आज कोकणी मुसलमानांत आणि इतरांत विरघळून गेली असेल. मग हा एक गट वेगळा का राहिला? रक्त हे सांगू शकत नाही. रक्त वाहतं आणि मिसळतं. वेगळं राहण्याचा निर्णय माणसं घेतात आणि पुढच्या पिढीला तो घ्यायला शिकवतात.

उगम एक असूनही ओळखी किती भिन्न होतात, हे पाहायला अलिबागहून दक्षिणेला मुरुडला जावं. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आलेल्या हबशांचे वंशज. सतराव्या शतकापासून त्यांनी तो जलदुर्ग आणि भोवतीचा मुलूख राखला. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. इथे सिद्दी म्हणजे राज्यकर्ता, सरदार, पुढे नवाब. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जंगलात राहणारे सिद्दीही आफ्रिकी वंशाचे, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगीजांचे गुलाम म्हणून आलेले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत आणि २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीत घेतलं गेलं. काठेवाडातल्या सिद्द्यांची वाट तिसरीच. आफ्रिका तिघांच्याही मागे आहे. पण मुरुडच्या राजवाड्यातला वारस आणि हल्याळच्या जंगलातला मजूर एका ओळखीचे, असं म्हणायला त्या दोघांपैकी कुणीही पुढे आलं नसतं. एकाला सत्तेने वर नेलं, दुसऱ्याला गुलामीने आणि जमिनीवरच्या हक्काच्या अभावाने एकत्र बांधलं. उगमाने काहीच ठरवलं नाही असं मी म्हणत नाही. पुढे सत्ता, जमीन आणि सोयरीक यांनी जे घडवलं त्यापुढे उगमाचा वाटा लहान ठरला, एवढंच म्हणतो.

इथे दुसऱ्या एका मताचे लोक हात वर करतील. ठीक आहे, ते म्हणतील, उगम नव्हे तर हितसंबंध. माणसं ज्या ओळखीत फायदा दिसतो ती धरतात. या मताला आधार आहे. एब्नर कोहेन यांनी नायजेरियातल्या इबादान शहरात हौसा व्यापाऱ्यांचं वेगळेपण गुरं आणि कोलाफळांच्या व्यापारावरच्या ताब्याशी कसं जोडलेलं आहे हे १९६९ मध्ये दाखवलं. आपल्याकडेही उदाहरण आहे. मुंबई-वसई पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या कॅथलिकांशी नोकऱ्यांसाठी स्पर्धा होती आणि आपण कंपनीच्या जुन्या प्रजेपैकी आहोत हे सांगायचं होतं. तिथे फायदा उघड आहे.

पण पोर्तुगीज वारशाचंच दुसरं उदाहरण म्हणजे कोर्लई गाव. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी तिथली जेमतेम हजारभर ख्रिस्ती माणसं घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून तयार झालेली स्वतःची बोली बोलतात. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडलं. त्यानंतर त्या बोलीच्या जोरावर नोकरी मिळाली नाही, जमीन मिळाली नाही, दरबारी मान मिळाला नाही. आजूबाजूला सगळीकडे मराठी, शाळाही मराठी. फायद्याच्या हिशेबाने ती बोली दोन पिढ्यांत संपायला हवी होती. ती पावणेतीनशे वर्षं टिकली. ती का टिकली याचं उत्तर हद्दीतच आहे. धर्मांतरामुळे हिंदू जातींशी सोयरीक तुटलेली, खालच्या जातींतून आलेले म्हणून वरच्या कॅथलिकांशीही ती जुळली नाही, आणि चर्चभोवती एक छोटं जग उरलं. फायदा ओळखीला ताकद देऊ शकतो, तिला नवं नाव देऊ शकतो. पण फायदा नसतानाही एखादी हद्द उभी राहते, कधी आतून राखली म्हणून, कधी बाहेरच्यांनी आत घेतलं नाही म्हणून. हितसंबंधाचा सिद्धांत ही दुसरी शक्यता विसरतो.

आणि तिच्यामुळेच मी 'ओळख घडवलेली असते' या वाक्याचा आज होणारा सोपा अर्थही नाकारतो. घडवलेली म्हणजे हवी तशी निवडता येणारी, असं अनेकांना वाटतं. बेने इस्राएलांचा पुढचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. समाजाच्या आत गोरे आणि काळे असे दोन थर होते. बेने इस्राएल पुरुष आणि बाहेरच्या स्त्रिया यांच्या संततीला काळे म्हणत आणि गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत, पंगतीला बसत नसत. काळ्यांनी शनिवार पाळला, सुंता केली, प्रार्थना म्हटल्या. तरी दार उघडलं नाही. मुंबईत बगदादी यहुदी स्थिरावले तेव्हा १८३० च्या दशकातच त्यांनी दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या थडग्यांमध्ये भिंत मागितली. गोरे जसे काळ्यांशी वागत होते, तसेच बगदादी बेने इस्राएलांशी वागले. हद्द राखणं हे शौर्य असतं तसंच क्रौर्यही असतं, आणि आपल्या समाजाच्या टिकून राहण्याचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही एकत्र पाहायला हवं.

ओळख मान्य करून घ्यावी लागते आणि मान्यता देणाऱ्याच्या हाती सत्ता असते, याचा सगळ्यात कठोर अनुभव या समाजातल्या इस्राएलला जाऊन स्थायिक झालेल्यांना आला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी आदेश काढला, की बेने इस्राएल व्यक्तीचा इतर यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची कित्येक पिढ्या मागे जाऊन चौकशी करावी. दोन हजार वर्षांच्या परंपरेचा दावा करणाऱ्यांना पूर्वजांच्या लग्नाचा आणि घटस्फोटाचा हिशेब मागितला गेला. लोक रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं, उपोषणं झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि रब्बींना आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. उगमवाद्यांना मी विचारतो: जुलैमध्ये संशयित असलेला माणूस ऑगस्टमध्ये नि:संशय यहुदी झाला तो कोणत्या नव्या पुराव्याने? नवगावला नवा शिलालेख सापडला नव्हता. पुरावा तोच होता. बदललं ते रस्त्यावरचं आणि संसदेतलं बळ. निवड मोकळी असते असं मानणाऱ्यांनाही विचारतो: इतकी सोपी निवड असती, तर म्हाताऱ्या माणसांना परक्या शहरात उपाशी का बसावं लागलं?

तिथेच आणखी एक उलथापालथ झाली. जे रायगडात शनिवारमुळे वेगळे होते, ते अशा देशात गेले जिथे शनिवार सगळ्यांचाच. वेगळेपणाची जुनी खूण एका दिवसात निरुपयोगी झाली. मग तिथे ते भारतीय झाले. मराठी बोलणं, मलिदा, मेंदी, 'मायबोली' हे मराठी नियतकालिक, या गोष्टी इकडे असताना खूण नव्हत्या, कारण त्या सगळ्या गावाच्याच होत्या. तिथे त्याच हद्द झाल्या. भारतात उरलेल्यांना २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने धार्मिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली; म्हणजे इकडे ते कागदोपत्री अधिक यहुदी झाले आणि तिकडचे त्यांचे भाऊबंद अधिक मराठी. कुटुंब एकच, उगम एकच.

एक आक्षेप शिल्लक आहे आणि तो आपल्या राजकारणाच्या गाभ्याशी येतो. ओळख जर अशी बदलती असेल, तर जातीच्या दाखल्यांचं काय? कोळी समाजात महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी अनुसूचित जमातीत आहेत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी असल्याच्या एका दाव्यावर निकाल देताना दाखल्यांच्या पडताळणीची रीत घालून दिली आणि रूढी, देवदेवता, लग्नविधी यांवरून आप्तभाव तपासण्याला त्यात स्थान मिळालं. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं, की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. स्थलांतर, शिक्षण, इतरांशी संपर्क यांमुळे चालीरीती बदलतात. न्यायालयाने इथे बार्थ यांच्याच बाजूचं म्हणणं मांडलं. जुन्या कागदांवरून वंशावळ पाहणं मात्र चालू राहिलं आणि ते योग्यच आहे. आरक्षण भूतकाळातल्या अन्यायाची भरपाई म्हणून दिलं जातं, तेव्हा तो अन्याय कुणाच्या पूर्वजांवर झाला हे विचारावंच लागतं. कायद्याचा तो प्रश्न हक्काच्या वारशाचा आहे. तो माणूस 'खरा' कोण, हे ठरवण्याचा दावा कायदा करत नाही. तो दावा आपण करतो, आणि दाखल्याच्या तर्काने सगळ्या समूहांना मोजायला लागतो.

हा गोंधळ आज उरण-पनवेल पट्ट्यात स्पष्ट दिसतो. आगरी मिठागरांत आणि खारजमिनीत राबणारा, कोळी दर्यात जाणारा. दोघांचे देव, लग्नगीतं, बाजार जवळचे असले तरी सोयरीक वेगळी. १९३३ ते १९३९ या काळात अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या संपात नारायण नागू पाटलांच्या मागे इथले लोक खोतांविरुद्ध उभे राहिले ते कुळं म्हणून. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबारात पाच जण बळी गेले, तेव्हा शब्द आला प्रकल्पग्रस्त, भूमिपुत्र. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये जे हजारो रस्त्यावर आले, त्यांच्या घोषणांत आणि फलकांत 'आगरी-कोळी' हे जोडनाव सहज होतं. यावर दोन्हीकडून टीका होते. जुने जातवाले म्हणतात, आगरी आणि कोळी कधी एक नव्हते. चिकित्सक म्हणतात, ही राजकारण्यांनी महोत्सव भरवून तयार केलेली गोष्ट. दोघं पुन्हा उगमच तपासत आहेत. जमीन गेलेला आगरी आणि बंदरामुळे मासेमारीची जागा गेलेला कोळी यांच्यासमोर आज एकच पलीकडची बाजू उभी आहे, आणि समोरची बाजू एक झाली की अलीकडची हद्द नव्याने आखली जाते. तसं होणं खोटं नाही. ते पुरेसं आहे का, हा मात्र खरा प्रश्न आहे. शनिवार तेल्यांची हद्द चुलीपाशी आणि लग्नाच्या बोलणीत राखली गेली, म्हणून ती पोथीशिवाय टिकली. आगरी-कोळी हे नाव अजून मोर्चात, गाण्यांत आणि महोत्सवाच्या कमानीवर आहे. आगऱ्याची मुलगी कोळीवाड्यात देताना दोन्ही घरं आढेवेढे घेतात की नाही, नुकसानभरपाई वाटली जाताना शेताला मिळतं तेवढं महत्त्व खाडीतल्या मासेमारीच्या हक्काला देण्यासाठी आगरी नेते भांडतात की नाही, यांवर ते नाव किती मुरलं आहे हे ठरेल.